कोपरापासून हात जोडले

माझ्या नवऱ्याचं एक ठाम मत आहे. तो म्हणतो, "तुझ्याकडं लोक हात दाखवायला येतच नाहीत, तोंड मोकळं करायला येतात!"

अगदीच खोटं नाही ते. मी फिजिओथेरपिस्ट. लोणावळ्यात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आमच्या सरांचं हाडांचं छोटं हॉस्पिटल आहे, आणि तिथं कोपरापासून बोटांपर्यंतचा सगळा प्रांत माझा. आता बघा, एखाद्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा आणि अर्धा तास सोडायचा नाही. हळूहळू वाकवायचा, सरळ करायचा, फिरवायचा. मोठ्या माणसाचा हात इतका वेळ धरतं कोण हो? लग्नात भटजी धरायला लावतात तेवढाच! त्यामुळं हात धरला की माणसाला गप्प बसवत नाही. आधी दुखण्याचं सांगतो, मग सासूचं, मग बांधाच्या भांडणाचं, आणि मग जे कुणालाच सांगितलेलं नसतं ते.

किस्से असे साठत जातात. भिशीला मैत्रिणी म्हणतात, "सांग ना काहीतरी हॉस्पिटलचं!" मी सांगते, त्या हसतात. हसून झाल्यावर एखादी विचारते, "मग पुढं काय झालं गं त्याचं?" आणि मी चहा ओतायला उठते. कारण बऱ्याच जणांचं पुढं काही झालेलंच नसतं.

एकदा सर फार वैतागले होते. म्हणाले, "या धंद्याला कोपरापासून हात जोडावेत!"

आमचे प्लास्टरवाले बबनदादा बादलीत पट्टी भिजवत होते. मान वर न करता म्हणाले, "सर, आपल्याकडं येणाऱ्यांना तेवढं जमलं तरी आपण जिंकलो म्हणायचं!"

*

सुनंदामावशी चिक्कीच्या कारखान्यात लाटायला होत्या. गुळाचा पाक आणि शेंगदाणे एकत्र झाले की तो कढत गोळा ओट्यावर येतो आणि गार व्हायच्या आत जड लाटण्यानं एकसारखा पसरावा लागतो. जरा उशीर झाला की दगड! दिवसभर हेच काम. कोपराच्या बाहेरच्या अंगाला जे हाड हाताला लागतं ना, तिथं मनगट वर उचलणारे स्नायू येऊन चिकटलेले असतात. मावशींचे ते स्नायू तिथून सुटायला आले होते. चहाचा कप उचलला तरी डोळ्यांत पाणी.

सर म्हणाले, "याला टेनिस एल्बो म्हणतात. आराम हाच उपाय."

मावशी पडल्या सरळ स्वभावाच्या. त्यांनी जाऊन मालकांना जसंच्या तसं सांगितलं. मालक म्हणाले, "टेनिस? कामाच्या टायमाला टेनिस खेळायला जाता होय!" सगळा कारखाना हसला. मावशीही हसल्या.

"मग पुढं?" मी विचारलं.

"मंग काय! डाक्टर म्हनले आराम करा, मालक म्हनले कायमचाच करा!"

नंतर त्या दुसऱ्या एका कारखान्यात लागल्या. लाटायलाच. मला भेटायला आल्या त्या कोपराला बांधायचा पट्टा मागायला. मी काळा पट्टा काढून दिला तर नको म्हणाल्या. "कातडीच्या रंगाचा न्हाई का?"

मी म्हटलं, "मावशी, पट्टा बांधून लाटत राहिलात तर उरलंसुरलंही तुटेल."

"तुटू द्या की," त्या म्हणाल्या. "दिसू नये म्हंजे झालं."

*

पावसाळ्यातले शनिवार-रविवार म्हणजे भुशीचे. धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहत असतं, खाली शेवाळ. पाय सटकतो, माणूस पडताना हात मागं टेकवतो, सगळं वजन एका कोपरावर येतं आणि सांधा निसटतो. कोपराचं टोक मागं बाहेर आलेलं स्पष्ट दिसतं. बघवत नाही.

अशीच एक कॉलेजातली मुलगी आली. सोबत चार-पाच मित्रमैत्रिणी, सगळे चिंब. ती पांढरीफटक पडली होती. सरांनी दुखणं कमी होण्याचं इंजेक्शन दिलं, बबनदादांना तिचा दंड घट्ट धरायला सांगितलं आणि मनगट धरून हळूहळू ओढत कोपर वाकवलं. खट्ट! सांधा जागेवर. हा आवाज ऐकला की मला अजूनही देव भेटल्यासारखं वाटतं.

मागून एक मुलगा म्हणाला, "सर, सॉरी हं, मध्येच कुणीतरी बोललं. परत एकदा कराल?"

तो शूट करत होता! सरांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो मोबाइल खिशात घालून बाहेरच गेला.

मी त्या मुलीचा घाम पुसला. तिनं डोळे उघडले, बारीक आवाजात विचारलं, "आला का नीट?"

"हो बाळा, अगदी नीट बसला सांधा."

"नाही," ती म्हणाली. "व्हिडिओ."

*

त्याच पायऱ्यांच्या वाटेवर तुकाराम कणसं भाजतो. मोठ्यांचा मान राखणारा, गोड बोलणारा माणूस. लहानपणी जांभळीवरून पडून त्याचं कोपर मोडलं होतं. वाकडंच जुळलं. दुखत नव्हतं, कामाला अडत नव्हतं, मग दाखवायचं कुणाला आणि कशाला?

कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खाचेतून एक नस जाते. टेबलाच्या कडेला कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच. तुकारामचं कोपर वाकडं असल्यामुळं ती नस वर्षानुवर्षं ताणली जात होती. कणीस फिरव, पंखा हलव, परत कणीस फिरव. हळूहळू करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं. त्याला वाटलं, थंडीनं असेल. लोणावळ्यात थंडीच्या नावावर काहीही खपतं!

एकदा गिऱ्हाइकांची गर्दी होती. एक बाई नाक दाबून म्हणाल्या, "अहो दादा, तुमचं कणीस करपलं बघा!"

त्यानं खाली बघितलं. कणीस चांगलं होतं.

बोटांना पट्टी बांधून आमच्याकडं आला तेव्हा उशीर झालेला होता. सरांनी ऑपरेशन करून नस खाचेतून काढून पुढं आणून ठेवली. पण सुकलेल्या झाडाला नवीन कुंडीत ठेवलं म्हणून पालवी फुटतेच असं नाही. मी त्याची बोटं रोज सरळ करायची, ती रोज आत वळायची. शेवटी त्यानंच मला समजावलं. म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. एका परीनं बरंच झालं. आधी लय चटके बसायचे, आता भाजलं तरी कळत न्हाई!"

आणि खरंच हसला हो. मला मात्र नेहमीसारखं हसायला जमलं नाही.

*

नाणे मावळातले एक आबा होते. तरुणपणी कुस्त्या मारलेले, तालमीत कान मोडलेले, अजून मान ताठ. त्यांचा मुलगा संतोष मोटारसायकलवरून पडला, कोपर मोडलं. सरांनी ऑपरेशन केलं, सगळं उत्तम. टाके निघाले तेव्हा सरांनी आबांना समोर बसवून सांगितलं, "हात आखडलाय, तो हळूहळू सुटेल. मालिश करायची नाही. ओढायचा नाही. मॅडम सांगतील तेवढाच व्यायाम."

आबा म्हणाले, "व्हय व्हय."

त्यानंतर संतोष यायचाच बंद झाला. फोन केला की आबा उचलायचे. "घरीच चाललंय, मॅडम. काळजी करू नका!"

काही महिन्यांनी दोघं आले. आबा खुशीत होते. "लय कष्ट घेतले मी," ते म्हणाले. "रोज सकाळी कढत तेल, आन मंग गुडघ्यावर हात घेऊन दाबून सरळ केला. पोरगं वरडायचं, पन मी सोडला न्हाई! वाळूची बादली बी उचलाया लावली. तरी मेला हालंनाच. म्हनून आनला."

मी संतोषचा हात धरला. कोपर दारासारखं उघडमीट व्हायला हवं, ते भिंतीसारखं झालं होतं. एक्स-रे काढला. दुखावलेल्या कोपराला चोळलं, हिसडलं की आतला स्नायू कधीकधी मांस राहत नाही, त्याचं हाड व्हायला लागतं. सांध्यापुढं पांढरा ढग साचला होता. सरांनी फिल्म उजेडावर धरली आणि आबांना दाखवली. "हे बघा. इथं नवीन हाड तयार झालंय."

आबांचा चेहरा उजळला. "हाड वाढलं? मंग चांगलंच की!"

सर फिल्मकडं बघत राहिले, बबनदादा बाहेर निघून गेले. आबा एकेकाच्या तोंडाकडं बघायला लागले. मग त्यांनी आपले दोन्ही पंजे मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत बसले.

संतोष म्हणाला, "चला आबा. यष्टी जाईल."

जाताना दार उघडायला आबा पुढं झाले नाहीत. संतोषनंच डाव्या हातानं उघडलं.

*

जरा हसण्यासारखा सांगते. वडिवळ्याचे धोंडिबाभाऊ.

कोपराच्या खाली दोन हाडं असतात. एक जागेवर राहतं आणि दुसरं त्याच्याभोवती फिरतं, म्हणून आपला तळहात उताणा-पालथा होतो. भाऊंच्या उजव्या हाताची दोन्ही हाडं एकदा बैलगाडीच्या साटीत, म्हणजे लाकडी सांगाड्यात, सापडून मोडली होती, आणि जुळताना एकमेकांनाच चिकटली. हात पालथा तो पालथाच! भाऊंचं काही अडलं नाही. भाताचं रोप चिखलात खोचायला हात पालथाच लागतो. विळा धरायला पालथा, पाठीवर थाप मारायला पालथा.

अडायचं ते फक्त देवळात. पुजारी पळीभर तीर्थ घेऊन उभा आणि यांचा हात पालथा. पुजारी म्हणायचा, "भाऊ, घ्यायला आलाय का देवाला आशीर्वाद द्यायला?"

भाऊ म्हणायचे, "त्यालाच गरज हाय आता!"

असा माणूस. तो एकदा चेहरा पाडून माझ्यासमोर येऊन बसला. मुलीचं लग्न ठरलं होतं. भटजींनी सांगितलं होतं, कन्यादानाला बापाची ओंजळ लागते. भावकीतल्या कुणीतरी लगेच सुचवलं, थोरल्या भावाला उभं करू. थोरल्या भावाशी यांचं बोलणं नव्हतं.

"मॅडम," भाऊ म्हणाले, "जलमभर मी ह्या हाताबद्दल तक्रार केली न्हाई. एकदा उताना करून द्या. फकस्त एकदा. मंग ऱ्हाऊ द्या पालथा."

चिकटलेली हाडं व्यायामानं सुटत नाहीत. ऑपरेशन करता आलं असतं, पण ती परत चिकटायची भीती असते, आणि लग्न तोंडावर आलं होतं. सरांनी सांगितलं, मीही सांगितलं. भाऊ ऐकून घेऊन उठले. "पोरगी माजी हाय," एवढंच म्हणाले.

लग्नानंतर ते पेढे आणि मोबाइलमधला फोटो घेऊन आले. फोटोत भटजी सरळ, नवरदेव सरळ, मुलगी सरळ, भाऊंची बायको झारीनं पाणी सोडतेय तीही सरळ. आणि भाऊ एका कुशीवर इतके वाकलेले की आता पडतात की काय! कोपर पोटात खुपसून, खांदा खाली टाकून, सगळं अंगच पिळून त्यांनी तो हात उताणा केला होता. घरी रोज लपून सराव केला म्हणे, गोठ्यात, म्हशीसमोर!

"फोटुवाला सारखा वरडत होता," भाऊ म्हणाले. "काका, सरळ उभे राहा! फोटो वाकडा येतोय!"

"मग?"

"म्हनलं, येऊ दे वाकडा." त्यांनी फोटोवर पालथं बोट ठेवलं. "पानी बघा. सगळं पोरीच्या वंजळीत पडलं. भाईर थेंब न्हाई सांडला."

मी तेवढ्यात नको ते विचारलं. म्हटलं, मुलगी खुशीत आहे ना सासरी?

भाऊंनी मोबाइल बंद केला. "माघारी आलीय," ते म्हणाले. "पेढे घ्या."

*

किसन तळेगावच्या पुढं एका कंपनीत प्रेसवर होता. पत्र्याला ठोका देणारं मशीन. त्याचा उजवा हात कोपराच्या खाली चार बोटांवर तुटला. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "कोपर वाचलं, नशीबवान आहेस!" डॉक्टरी हिशेबानं बरोबरच आहे ते. कोपर असलं की कृत्रिम हात बसवायला बरा पडतो. आम्हीही तेच म्हणायचो. किसन प्रत्येकाला "व्हय" म्हणायचा.

त्याचं दुखणं वेगळंच होतं. गेलेला हात दुखायचा. "मॅडम, मूठ आवळलीय," तो सांगायचा. "नखं तळहातात रुतत्यात. उघडायला बघतो, उघडत न्हाई." गावातल्या लोकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. कुणी अंगारा आणून दिला. कुणी सरळ तोंडावर म्हणालं, "हातच न्हाई तर दुखतंय काय रं?"

याला एक उपाय असतो. टेबलावर आरसा उभा करायचा. तुटलेला हात आरशाच्या मागं, चांगला हात पुढं. चांगल्या हाताचं प्रतिबिंब बरोबर गेलेल्या हाताच्या जागी दिसतं. माणसाला दोन्ही हात दिसतात, आणि मेंदू कधीकधी फसतो.

मी त्याला म्हटलं, "किसन, दोन्ही मुठी आवळ. आता आरशात बघत बघत दोन्ही हळूहळू उघड."

त्यानं डाव्या हाताची मूठ उघडली. आरशात उजव्याची उघडली. तो आरशाकडं टक लावून बघत होता. मग त्याचा श्वास सुटला. "उघडली," तो म्हणाला. "मॅडम, उघडली! सुटली!" आणि मोठमोठ्यानं रडायला लागला. मीही रडले, बबनदादाही रडले. आमच्या हॉस्पिटलात असे दिवस फार येत नाहीत. मी तो आरसाच त्याला घरी देऊन टाकला. म्हटलं, रोज थोडा वेळ करत जा.

पुढं बरेच दिवस तो आला नाही. आली ती त्याची बायको. सोबत आरसा, साडीच्या तुकड्यात नीट गुंडाळलेला.

"हा परत घ्या मॅडम."

"का गं? दुखणं थांबलं नाही का?"

"थांबलं की."

"मग?"

तिनं आरसा माझ्या टेबलावर ठेवला. "सकाळपासनं त्याच्याफुडंच बसत्यात," ती म्हणाली. "जेवाया हाक मारली तर म्हनत्यात, थांब, आत्ता दोन्ही हाईत."

आरसा अजून माझ्या कपाटात आहे. पुढच्या पेशंटला द्यायचा म्हणून काढते आणि परत आत ठेवते.

*

आता एकच सांगते आणि उठते. हा मी भिशीत सांगत नाही.

पवन मावळातल्या वत्सलाताई. पन्नाशीच्या आतल्या, बारीक चणीच्या, बोलणं जवळजवळ नाहीच. सगळं बोलणं त्यांचे यजमान अण्णा करायचे. अण्णा म्हणजे गावातलं मानाचं माणूस. भजनी मंडळात पुढं, आवाज गोड, कपडे पांढरेशुभ्र. येताना आमच्या सगळ्यांसाठी इंद्रायणी तांदूळ आणायचे, अगदी झाडूवाल्या मावशींनाही. बायकोबरोबर प्रत्येक वेळी स्वतः येणारे नवरे आमच्याकडं किती असतात? झाडूवाल्या मावशीच म्हणायच्या, "नशीब काढलं बाईनं!"

गोठ्यात पडून कोपर मोडलं, असं अण्णांनी सांगितलं. घरीच हळद लावून बांधून ठेवलं होतं. आत पू झाला, आणि आमच्याकडं येईपर्यंत सांधा पार खाऊन टाकला होता. एक्स-रेत कोपराच्या खाली, हाताच्या मधोमध एक जुनं मोडलेलं आणि आपोआप जुळलेलं हाडही दिसत होतं. सरांनी विचारलं, "हे कधीचं?"

अण्णा म्हणाले, "लहानपणीचं असंल साहेब. झाडाबिडावरनं पडली असंल."

वत्सलाताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होत्या.

आधी पू बरा केला. मग सरांनी दोघांना बसवून सांगितलं, "सांधा आता कामाचा राहिलेला नाही. कोपर एकाच कोनात कायमचं पक्कं करावं लागेल. दुखणार नाही, पण हलणारही नाही. कुठला कोन ठेवायचा ते तुम्ही ठरवा. एकदा केलं की बदलता येत नाही." मग स्वतःच्या हातानं दाखवलं. "असा जरा सरळ ठेवला तर हात खाली पोचेल. रोप लावता येईल, भांडी घासता येतील. पण तोंडापर्यंत जाणार नाही. आणि असा जास्त वाकवून ठेवला तर घास तोंडात जाईल, कुंकू लावता येईल, पण जमिनीला हात लागणार नाही."

अण्णा हसून म्हणाले, "सरळच बरा, साहेब. लावणी हाय, गोठा हाय. आन जेवायचं काय, डावा हाय की!"

सर म्हणाले, "त्यांना बोलू द्या."

"ते म्हनत्यात तसं," वत्सलाताई म्हणाल्या.

सरांचा शिरस्ता असा, की दोन्ही कोन आधी साध्या प्लास्टरमध्ये वापरून बघायचे. बबनदादांनी आधी सरळ घातलं. काही दिवस वत्सलाताईंनी ते वापरलं आणि परत आल्या. मग वाकवून घातलं. प्लास्टर सुकेपर्यंत त्या माझ्या खोलीत बसल्या होत्या. अण्णा बाहेर सरांच्या केबिनपाशी कुणाशी तरी बोलत होते. मी वत्सलाताईंसमोर वाटी-चमचा ठेवला. "बघा, तोंडापर्यंत येतोय का."

त्यांनी चमच्याला हात लावला नाही. खांद्यातून हात उचलला आणि प्लास्टर चेहऱ्यासमोर आणलं. हनुवटी जरा खाली घेतली. हात थोडा वर, थोडा कानाकडं. मग डोळे मिटून परत एकदा केलं.

"कपाळाला पोचतोय का बघताय?" मी विचारलं. "कुंकवाला?"

"व्हय," त्या म्हणाल्या.

मी हात धरून हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना, वत्सलाताई?"

"ठीकच हाय की."

सर आत आले, मागून अण्णा. आणि कुणी विचारायच्या आधी वत्सलाताई म्हणाल्या, "मला हाच पायजे." त्यांचा एवढा मोठा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

अण्णा खळखळून हसले. "बघा साहेब! शेवटी खान्यापिन्याचं कुनाला सुटलंय!"

सर मात्र खूश झाले. बाईनं पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं, म्हणाले. आत धातूची पट्टी टाकून कोपर तसंच पक्कं केलं. हाड छान जुळलं, जखम स्वच्छ भरली. अशी सुंदर ऑपरेशनं फार थोडी होतात, असं सर अजून म्हणतात.

शेवटचं प्लास्टर काढलं त्या दिवशी मी त्यांना माझ्या खोलीत बसवून चहा आणि खारी दिली. त्या डाव्या हातानं खायला लागल्या. मी म्हटलं, "अहो, उजव्या हातानं खा की आता! त्यासाठीच तर हा कोन घेतलात!"

"खायाला डावा हाय की," त्या म्हणाल्या.

एवढ्यात अण्णा आत आले. नेहमीसारखे हसत. वत्सलाताईंच्या डोक्याच्या वर खुंटीला छत्री अडकवलेली होती, ती काढायला अण्णांनी हात वर उचलला.

वत्सलाताईंचा उजवा हात एकदम चेहऱ्यापुढं आला. कपाळ, डोळे, गाल, सगळं त्याच्या आड. कोन अगदी मापात बसला होता. डाव्या हातातली खारी तशीच तोंडाशी.

अण्णांनी छत्री काढली. "येतो मॅडम," ते मला म्हणाले. "लय उपकार झाले तुमचे."